निषेधाच्या वाक्यात कर्ता शोधा

विचारणा अशी आहे: "कुठल्याही दूतावासावर किंवा परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या देशांचे निषेध छापून येतात. भाषा सगळ्यांची सारखीच. मग कोणाची भूमिका काय हे कसं ओळखायचं? की हा सगळा उपचारच असतो?" विचारणारी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे आणि 'प्रादेशिक प्रतिक्रिया' हा मुद्दा तिच्या टिपणात नुसताच लिहिलेला आहे, खाली जागा कोरी.

मी सत्तावीस वर्षं एका मराठी दैनिकात परदेशच्या बातम्यांच्या टेबलावर काढली. मी मुत्सद्दी नव्हे. मुत्सद्दी काय बोलले ते रात्री अकराच्या आत मराठीत उतरवून पानावर लावणारा माणूस. पण असली निवेदनं मी शेकड्यांनी वाचली आहेत, आणि काही चुकीची उतरवलीही आहेत. त्यातली एक चूक पुढे सांगणार आहे.

उपचार असतो, हे खरंच. गावात मयत झालं की समाचाराला सगळेच येतात आणि सगळे साधारण तेच बोलतात. पण कोण पहिल्या दिवशी आलं, कोण थेट दहाव्याला उगवलं, कोणी धाकट्या भावाला पाठवून दिलं आणि कोण उंबऱ्यावरूनच परतलं, हे त्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं विसरत नाहीत. देशांचंही तसंच चालतं. शब्दांवर जाऊ नका. कोणाला पाठवलं, कोणाला परत बोलावलं, हे बघा. आणि शब्दांकडे बघायचंच असेल तर शाळेत मराठीच्या बाईंनी शिकवलेली एक गोष्ट उपयोगी पडते. वाक्यात कर्ता कुठे आहे ते शोधा. 'हल्ला झाला', 'ठार मारले गेले', 'ताबा घेण्यात आला' अशी वाक्यं निवेदनांमध्ये उगाच येत नाहीत. त्या वाक्यांतून एका माणसाला पद्धतशीर बाहेर काढलेलं असतं.

हे मला नीट कळलं ते १९९८च्या ऑगस्टमध्ये, मझार-ए-शरीफच्या प्रकरणात. तेच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण एका हल्ल्यावर अख्खा प्रदेश कसा हलतो, किंवा हलत नाही, ते त्यात जसं दिसतं तसं दुसरीकडे क्वचित दिसतं.

उत्तर अफगाणिस्तानातलं हे शहर तालिबानविरोधी आघाडीचं मोठं ठाणं होतं. १९९७च्या मे महिन्यात तालिबान तिथे घुसले होते, पण शहर उलटलं आणि त्यांची हजारो माणसं मारली गेली. त्याच महिन्यात पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या तिघांनी तालिबानच्या राजवटीला मान्यता दिली होती. जगात तेवढेच तीन देश. ८ ऑगस्ट १९९८ रोजी तालिबान पुन्हा मझारमध्ये शिरले आणि या वेळी शहर पडलं. पुढच्या काही दिवसांत हजारा या शिया जमातीच्या वस्त्यांमध्ये जी कत्तल झाली तिच्यात किमान दोन हजार माणसं गेली असावीत, असा ह्युमन राइट्स वॉचचा अंदाज होता. पहिल्याच दिवशी काही बंदूकधारी इराणच्या वाणिज्य दूतावासात घुसले आणि आतल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना, शिवाय इर्ना या इराणी वृत्तसंस्थेचा वार्ताहर महमूद सारेमी याला, गोळ्या घातल्या.

हे आज आपण एका दमात सांगतो. तेव्हा महिनाभर कोणाला नक्की काही माहीत नव्हतं. वृत्तसंस्थांच्या तारांमध्ये 'बेपत्ता' हा शब्द होता. तालिबानकडून आधी कानांवर हात, मग ही माणसं कुठे पळून गेली असतील अशी उत्तरं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मृतदेह सापडल्याचं त्यांनी कबूल केलं, आणि त्याबरोबर खुलासाही आला: वरून हुकूम नसताना काही बेलगाम सैनिकांनी हे केलं. म्हणजे कर्ता आला, पण बिननावाचा.

या दरम्यान सुरक्षा परिषदेने दोन ठराव केले. तुमच्या टिपणासाठी हे दोन ठराव शेजारी शेजारी ठेवून वाचा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. २८ ऑगस्टचा ठराव क्रमांक ११९३. त्यात इराणच्या वाणिज्य दूतावासाचा ताबा घेतला गेल्याचा निषेध आहे. ताबा कोणी घेतला ते त्या वाक्यात नाही. तालिबानचं नाव येतं ते पुढच्या मागणीत, की सर्व पक्षांनी, विशेषतः तालिबानने, या माणसांना सुखरूप बाहेर पडू द्यावं. ८ डिसेंबरचा ठराव क्रमांक १२१४. त्यात तालिबानने दूतावासाचा घेतलेला ताबा असं सरळ लिहिलं आहे, राजनैतिक अधिकाऱ्यांचा आणि पत्रकाराचा खून झाल्याचं म्हटलं आहे आणि गुन्हेगारांवर खटले चालवण्याच्या दृष्टीने तपासाला सहकार्य करा असंही बजावलं आहे. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत मृतदेह मिळाले होते, पुरावे पुढे आले होते आणि मॉस्कोपासून वॉशिंग्टनपर्यंत तालिबानबद्दलची सहनशीलता संपत आली होती. या सगळ्याचा जमाखर्च एका कर्त्यात उतरला.

आता शेजारी बघू. इराणमध्ये लोक खवळले होते. रिव्होल्यूशनरी गार्डच्या सत्तर हजार जवानांच्या कवायती अफगाण सरहद्दीवर सुरू झाल्या, मग दोन लाख सैन्याच्या कवायतींची घोषणा झाली. ऑक्टोबरात सीमेवर चकमकही उडाली. माझ्या टेबलावर त्या दिवसांत एकच प्रश्न असायचा, युद्ध आज की उद्या. इराणने युद्ध केलं नाही. इराकशी आठ वर्षं लढून दहाच वर्षं झालेला देश, त्यात अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजेचं काय झालं ते तेहरानने शेजारून पाहिलेलं. शेवटी संयुक्त राष्ट्रांचे दूत लखदर ब्राहिमी ऑक्टोबरच्या मध्यावर कंदाहारला जाऊन तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याला भेटले आणि ताण उतरला.

पाकिस्तानची गोष्ट अधिक गुंत्याची. आपल्या माणसांच्या सुरक्षिततेची हमी इस्लामाबादकडून घेतली होती, असं इराणचं म्हणणं होतं. त्यामुळे तेहरानचा राग तालिबानवर जेवढा होता तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, पाकिस्तानवर होता. गोळ्या घालणाऱ्यांत पाकिस्तानातल्या एका शियाविरोधी संघटनेची माणसं होती, असा आरोपही झाला. पाकिस्तानने तालिबानची मान्यता काढली नाही, ती थेट २००१च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली. म्हणून म्हणतो, पाकिस्तानच्या त्या वेळच्या निवेदनांमधली विशेषणं मोजत बसू नका. काबूलमधला त्यांचा राजदूत कुठे होता ते बघा.

सौदी अरेबियाचं प्रकरण परीक्षेला फसवं आहे. २२ सप्टेंबर १९९८ला सौदीने तालिबानच्या प्रभारी राजदूताला देशाबाहेर काढलं आणि काबूलमधला आपला प्रतिनिधी माघारी बोलावला. तारखा शेजारी ठेवल्या की वाटतं, इराणी अधिकाऱ्यांच्या हत्येवर सौदीची ही केवढी कडक प्रतिक्रिया. तसं नव्हतं. सौदी गुप्तचर प्रमुख तुर्की अल फैसल त्याच महिन्यात कंदाहारला गेले होते ते ओसामा बिन लादेनला ताब्यात मागायला, आणि मुल्ला ओमरने त्यांना हात हलवत परत पाठवलं. ऑगस्टच्या ७ तारखेला नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकन दूतावासांवर स्फोट झाले होते, म्हणजे मझारच्या आदल्याच दिवशी. त्यानंतर २० तारखेला अमेरिकेची क्षेपणास्त्रं अफगाणिस्तानात पडली. त्या एका महिन्यात तालिबानभोवती दोन वेगळी प्रकरणं एकमेकांत मिसळली होती आणि प्रत्येक देश आपल्याला हवं ते प्रकरण उचलून प्रतिक्रिया देत होता. प्रतिक्रिया कशावरची आहे हे तपासल्याशिवाय ती कोणाच्या खात्यात टाकू नका.

अफगाणिस्तानचे सहा शेजारी आणि अमेरिका, रशिया असा एक 'सहा अधिक दोन' गट संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली होता. २१ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये त्याची परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट हजर. इराणचे परराष्ट्रमंत्री कमाल खराझी मात्र आले नाहीत, त्यांनी उपमंत्री जवाद झरीफ यांना पाठवलं. आपली माणसं मारली गेली म्हणून बोलावलेल्या पंगतीत इराण मोठा भाऊ स्वतः जेवायला बसला नाही, कारण समोरच्या पाटावर अमेरिका होती. समाचाराचं उदाहरण मी वर दिलं ते ही बैठक डोळ्यांपुढे ठेवूनच.

भारताने काबूलचा दूतावास १९९६च्या सप्टेंबरातच बंद केला होता आणि नवी दिल्ली तालिबानने काबूलमधून हुसकलेल्या रब्बानींच्या सरकारलाच अफगाणिस्तानचं सरकार मानत होती. त्यामुळे तालिबानवर दबाव आणायला दिल्लीच्या हातात फारसं काही नव्हतं. मझारनंतर दिल्ली आणि तेहरान या प्रश्नावर जवळ आले, एवढं मात्र खरं.

आता माझी चूक. २०१६च्या जानेवारीत सौदी अरेबियाने एका दिवसात ४७ जणांना मृत्युदंड दिला, त्यांत शिया धर्मगुरू निम्र अल निम्र होते. २ तारखेच्या रात्री तेहरानमधल्या सौदी दूतावासात जमाव घुसला, जाळपोळ झाली, मशहदमधल्या वाणिज्य दूतावासावरही हल्ला झाला. ३ तारखेला सौदीने इराणशी संबंध तोडले आणि इराणी अधिकाऱ्यांना ४८ तासांत निघायला सांगितलं. पुढच्या दोन दिवसांत तारा धडाधड येत होत्या. मी रात्रपाळीला होतो. पानावर जागा कमी, मथळा दोन ओळींत बसवायचा, आणि मी ठोकून दिलं: 'आखाती देशांनी इराणशी संबंध तोडले'.

सकाळी रत्नागिरी, चिपळूणकडून ऑफिसात फोन सुरू झाले. कोणाचा मुलगा कुवेतला, कोणाचा जावई मस्कतला. युद्ध होणार का, तिकीट काढू का, अशी विचारणा. आखातातले नातेवाईक हे कोकणातल्या घरांचं परराष्ट्र धोरण असतं, हे मी मथळा देताना विसरलो होतो.

कारण आखाती देशांनी संबंध तोडले नव्हते. सौदी सोडला तर आखातात फक्त बहरीनने तोडले. संयुक्त अरब अमिरातीने संबंधांचा दर्जा खाली आणला, म्हणजे राजदूताऐवजी प्रभारी राजदूत. दुबईचा इराणशी जुना व्यापार लक्षात घ्या म्हणजे हे अर्धं पाऊल का, ते कळेल. कुवेत आणि कतारने राजदूत माघारी बोलावले, दूतावास चालू ठेवले. ओमानने यातलं काहीच केलं नाही. त्यांनी हल्ला अमान्य असल्याचं म्हटलं आणि खेद व्यक्त केला. मस्कत कायम दोन्हीकडे दार उघडं ठेवतं, आणि ते दार पुढे सगळ्यांनाच उपयोगी पडलं. २०२३च्या मार्चमध्ये बीजिंगमध्ये सौदी आणि इराणने संबंध पुन्हा जोडल्याचं जाहीर केलं, त्याआधीच्या बोलण्यांच्या फेऱ्या बगदाद आणि मस्कतमध्ये झाल्या होत्या.

'खेद' आणि 'निषेध' यांच्यात किती अंतर असतं हे मला त्या दिवशी फोनवर समजावून सांगावं लागलं. मराठी पत्रकारितेत आपण सगळ्याचंच 'तीव्र निषेध' करून टाकतो. चिंता, खेद, नापसंती, निषेध, तीव्र शब्दांत निषेध, अशी जी उतरंड परराष्ट्र खात्यात रोज जपली जाते तिचा आपल्या पानावर एकच गोळा होतो. मथळ्यात 'तीव्र' बसतो, 'नापसंती' बसत नाही, हे खरं कारण आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आखाताबाहेरच्या प्रतिक्रिया त्याहून बोलक्या होत्या. सुदानने लगेच संबंध तोडले. हा सुदान काही वर्षांपूर्वीपर्यंत इराणचा जवळचा मित्र. २०१५मध्ये तो येमेनच्या युद्धात सौदीच्या बाजूने उतरला होता, त्यामुळे दूतावासाची जाळपोळ हे निमित्त, तो आधीच वळलेला होता. सोमालियाने संबंध तोडले त्याच दिवशी सौदीकडून पाच कोटी डॉलरच्या मदतीचं आश्वासन त्याला मिळालं होतं, हे रॉयटर्सने नंतर कागदपत्रासह छापलं. अरब लीगच्या बैठकीत निषेधाचा मसुदा आला तेव्हा लेबनॉनने त्यातून अंग काढून घेतलं, कारण बेरूतच्या सरकारात इराणच्या पाठबळावरची हिजबुल्ला बसलेली. पाकिस्तानने आदल्या वर्षी संसदेत ठराव करून येमेन युद्धात तटस्थ राहायचं ठरवलं होतं. या वेळीही पंतप्रधान नवाझ शरीफ लष्करप्रमुखांना बरोबर घेऊन आधी रियाधला आणि दुसऱ्या दिवशी तेहरानला गेले. पंतप्रधान एकटे गेले असते तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं.

इथे एक कायद्याची गोष्ट, थोडक्यात. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ दूतावासाच्या जागेला आणि कलम २९ राजनैतिक अधिकाऱ्याच्या शरीराला संरक्षण देतं. हे संरक्षण ज्या देशात दूतावास आहे त्या देशाने पुरवायचं. म्हणून जमावाने हल्ला केला, आमच्या सैनिकांनी नाही, हा बचाव अपुरा ठरतो. १९७९मध्ये तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासाचा विद्यार्थ्यांनी ताबा घेतला त्या खटल्यात, १९८०च्या निकालात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे दोन टप्प्यांत सांगितलं. पहिल्या टप्प्यात हल्ला सरकारचा नव्हता, पण रोखला नाही म्हणून सरकार दोषी. पुढे इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी त्या कृत्यावर पसंतीची मोहोर उठवली तेव्हापासून ते कृत्यच सरकारचं झालं. २०१६मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष रूहानींनी दूतावासावरचा हल्ला समर्थनीय नाही असं झटपट का म्हटलं, त्याचं उत्तर बरंचसं या दुसऱ्या टप्प्यात आहे.

पुण्यात नदीवर म्हात्रे पूल आहे. त्यावरून रोज क्लासला जाणाऱ्या मुलांनाही तो कोणाच्या नावाचा हे विचारलं तर गोंधळ उडतो. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारतीय कचेरीत राजनैतिक अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ला काश्मीर लिबरेशन आर्मी म्हणवणाऱ्या गटाने त्यांना पळवलं, तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भट याची सुटका आणि पैसे मागितले आणि दोन-तीन दिवसांतच त्यांना मारलं. संरक्षणाची जबाबदारी कागदावर ब्रिटनची होती. भारताची प्रतिक्रिया मात्र लंडनकडे कमी आणि तिहारमध्ये जास्त दिसली, ११ फेब्रुवारीला मकबूल भटला फाशी झाली. प्रतिक्रिया नेहमी निवेदनातच येते असं नाही, हे तुमच्या टिपणात कुठेतरी लिहून ठेवा.

आणि काबूल, ७ जुलै २००८. भारतीय दूतावासाच्या फाटकावर गाडी-बॉम्ब. अठ्ठावन्न माणसं गेली, बहुतेक अफगाण, व्हिसाच्या रांगेतले आणि रस्त्यावरचे. भारताचे संरक्षण विषयक अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, राजनैतिक अधिकारी व्यंकटेश्वर राव आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे दोन जवान गेले. पाकिस्तानने निषेध केला. अफगाण गृहखात्याने त्याच दिवशी जे म्हटलं ते कर्त्याच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे: या भागातल्या एका गुप्तचर संस्थेच्या संगनमताने हे झालं. 'या भागातली एक संस्था'. काबूलमध्ये ज्याला ऐकायचं त्याने नाव ऐकलं. आठवड्याभरात अफगाण राष्ट्राध्यक्ष करझाईंनी पाकिस्तानचं नाव उघड घेतलं, भारताचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार नारायणन यांनी आयएसआयचं. पण त्याच महिन्यात दोन्ही देशांचे परराष्ट्र सचिव ठरल्याप्रमाणे दिल्लीत भेटले. भारताचे सचिव शिवशंकर मेनन म्हणाले की चर्चेच्या प्रक्रियेवर ताण आला आहे. चर्चा तोडली असं म्हणाले नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला सार्कच्या निमित्ताने कोलंबोत मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे पंतप्रधान गिलानी भेटले. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ती प्रक्रिया खरोखर थांबली.

परीक्षेत यावर प्रश्न आला तर निषेध करणाऱ्या देशांची यादी देऊ नका, ती सगळेच देतात. एक घटना घ्या आणि तीन-चार देश घ्या. प्रत्येकाने कर्त्याचं नाव घेतलं का, राजदूताचं काय केलं आणि त्या देशाला त्याच आठवड्यात दुसरं काय हवं होतं, एवढं लिहा. मझार घेतलंत तर पुढचंही लिहा. इराणमध्ये ८ ऑगस्ट, त्यांच्या दिनदर्शिकेतला १७ मोर्दाद, सारेमीच्या आठवणीत पत्रकार दिन म्हणून पाळतात. आणि तेहरानमधला अफगाण दूतावास इराणने फेब्रुवारी २०२३मध्ये तालिबानच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केला. त्या वेळी तेहरानने तालिबान राजवटीला अधिकृत मान्यता दिलेली नव्हती.